नळीची पाळी

यंदाचा पाऊस गेला. ढीग जागच्या जागी आहे, ढिगाखालची आमची अकरा घरं जागच्या जागी आहेत आणि मी माझ्या पडवीत बसून हे लिहितो आहे. आषाढात या तीन गोष्टींपैकी एकीवरही मी पैज लावली नसती, आणि मी तर कशावरही पैज लावणारा माणूस.

मी कोळशाच्या खाणीत होतो. पोलादपूरचा माणूस घर सोडतो तो मुंबईला जायला. मी उलट्या दिशेला तोंड केलं ते थेट चंद्रपूरकडे जाऊन थांबलो. वाडीतल्या लोकांची समजूत अशी की तिथे मी कपाळाला दिवा बांधून पाताळात कुदळ मारत होतो. ही समजूत मीच करून दिली आहे, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. खरी गोष्ट अशी की आमची खाण उघडी होती. वर आभाळ, खाली खड्डा. मी तिथे ओव्हरमन, म्हणजे एका पाळीचा मुकादम, आणि निम्म्या नोकरीत मी कोळशाला बोटसुद्धा लावलेलं नाही. माझं खातं मातीचं.

कोळसा जमिनीत खोल असतो. एक टोपली कोळसा हवा तर आधी वरची चार-पाच टोपल्या माती आणि दगड काढावा लागतो. ते कुठेतरी टाकायचं असतं. रोज डंपरच्या डंपर येतात, आणि पाच-दहा वर्षांत सपाट रानात डोंगर उभा राहतो. प्रतापगडाच्या बाजूचे डोंगर देवानं केले, पण चंद्रपूरकडचे दोन मी केले, असं मी वाडीत सांगत असे. त्यांची उंची मी इतकी सांगायचो, की वरून चेंडू सोडला तर तो खाली येईपर्यंत चहा होतो, पिऊन होतो आणि कप विसळून होतात.

आता डोंगर करणं सोपं आहे. तो उभा ठेवणं हे काम. देवाचा डोंगर आतून कातळाचा असतो, आमचा म्हणजे नुसता सांडलेला. त्याला पायऱ्या कराव्या लागतात, पायऱ्यांचा उतार आत डोंगराकडे द्यावा लागतो म्हणजे पावसाचं पाणी तोंडावरून धावत नाही. पायथ्याला सगळीकडून चर खणतात. त्याला साहेब लोक गार्लंड ड्रेन म्हणतात. गार्लंड म्हणजे हार, पण हा हार पायात घालायचा. शेवटी पायथ्याशी दगडांची भिंत, आणि भिंतीला ओळीनं भोकं. ही भोकं फार महत्त्वाची. ढिगाच्या पोटात मुरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. माती कोरडी असते तोवर एकमेकीला धरून बसते. आत पाणी तुंबलं की ते मातीला आतून उचलायला लागतं, मग कणाला कण धरत नाही आणि अख्खा डोंगर ताटातल्या खिरीसारखा पुढे सरकतो. एवढं कळलं की माझी निम्मी विद्या तुम्हाला आली.

उरलेली निम्मी मला मेश्रामने दिली. मेश्राम आमचा डोझर ऑपरेटर, तिकडचाच, शिक्षण चौथी. तो पायथ्याशी उकिडवा बसून भोकांकडे बघायचा आणि ढिगाची तब्येत सांगायचा. पाणी निवळ आलं तर ढीग ठीक. गढूळ आलं तर तो आतून माती ओकतोय, म्हणजे आजारी. आणि पाऊस चालू असताना पाणी एकाएकी बंद झालं, तर डोझर तिथेच टाकून पळायचं. "साहेब," तो म्हणायचा, "ढिगाले बी लघवी लागते जी. त्याची वाट कोंडू नका." त्याचा मूळ शब्द लघवी नव्हता. मी तो दिवाळीच्या अंकाजोगा करून लिहिला आहे.

आमच्याकडे तपासणीला एक साहेब यायचे, त्यांच्या खिशात काचेची गोटी असायची. आले की कुणाशी बोलणं नाही, पायरीवर वाकायचे, गोटी ठेवायची आणि बघायचे. गोटी आत गेली तर पुढची पायरी. बाहेरच्या अंगाला गेली तर ती खाली पडायची आणि माझी चामडी लोळवली जायची. एका पावसाळ्यात मी त्यांच्या अकरा गोट्या शोधून परत केल्या. वाडीत सांगताना शंभर सांगतो.

तर असा डोंगर उभा करणारा माणूस निवृत्त होऊन आंबेनळी घाटाच्या अंगाच्या आमच्या वाडीत परत आला, आणि बघतो तो काय, डोंगर त्याच्या आधी येऊन बसलेला.

घाटरस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. कापलेली माती आणि दगड आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, पऱ्याच्या डोक्यात लोटायला त्यांनी सुरुवात केली होती. पऱ्या म्हणजे आमचा ओढा, पावसाळ्यात घोड्यासारखा धावणारा. ती माती बघून माझ्या अंगात जुनी पाळी संचारली. मी वर जाऊन तिथल्या पोरसवद्या इंजिनिअरला गाठलं, माझं ओव्हरमनचं सर्टिफिकेट त्याच्या नाकासमोर धरलं आणि सांगितलं, की या पऱ्यात आधी मोठे दगड लाव, माणसाच्या डोक्याएवढे, घराएवढे, मिळतील तसे, वरपासून खालपर्यंत. त्यावर बारीक दगड, आणि मग तुझी माती. म्हणजे पऱ्या ढिगाखालून वाहत राहील. तो मुलगा शहाणा निघाला. त्यानं ऐकलं. ढिगाखाली दगडांचं लांबलचक गटार तयार झालं, वर पायऱ्या झाल्या, आणि पहिला पावसाळा ढिगानं असा काढला की मातीची ढेप हलली नाही.

मग काय विचारता! चावडी असो, लग्न असो, मयताला गेलो तरी तिरडी बांधता बांधता मी ढिगाचं सांगायचो. "माझ्या नातीच्या पोराच्या लग्नापर्यंत हा ढीग हलणार नाही," असं मी देवळात सगळ्यांदेखत छातीवर हात मारून सांगितलं. हे वाक्य पुढे माझ्याच डोक्यावर आपटणार होतं.

यंदा वैशाखात माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. धूर नको, धूळ नको म्हणून लेकीनं दोन महिने मुंबईला डांबून ठेवलं. आषाढात परत आलो तर एसटी थांब्यावर माझा चुलतभाऊ तात्या उभा. तात्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. देवळाची दिवाबत्ती तो बघतो आणि आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. एका घराण्यातला खोटेपणाचा सगळा वाटा मला मिळाल्यामुळे त्याला शिल्लकच राहिला नसावा.

"नामा, चल. घरी नंतर जा. आधी तुला देवीनं काय दिलंय ते दाखवतो."

पिशव्या तशाच घेऊन त्याच्यामागे गेलो. ढिगाच्या पायथ्याशी, जिथे माझ्या दगडी गटाराचं तोंड होतं तिथे, छातीएवढी काँक्रीटची भिंत. पऱ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, दोन्ही बाजूंनी कातळात घुसवलेली. तिला निळ्या फरशा. मधे कोनाडा, कोनाड्यात शेंदूर लावलेला दगड, देणगी देणाऱ्या मुंबईकरांच्या नावांची संगमरवरी पाटी, आणि खाली एक पितळी नळ.

मी गेल्यावर झालं ते असं. गेल्या पावसाळ्यापासून ढिगाखालून येणारं पाणी यंदा शिमगा उलटला तरी थांबलं नव्हतं. ढीग पावसाळाभर पाणी पितो आणि मग सावकाश सोडतो, त्यात नवल काही नाही. पण आमच्या वाडीत फाल्गुनानंतर बायका हंडे घेऊन दीड कोस उतरतात. तात्यानं ते पाणी पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सव गावाला जमिनीतून गरम पाणी निघतं, आपल्याकडे गार निघालं, असा त्याचा हिशेब. मे महिन्यात मुंबईकर, म्हणजे तिकडे नोकरीला असलेले आमचेच लोक, घरी आले, त्यांच्या मंडळाची बैठक झाली, सिमेंट आलं. झरा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्याला चारी बाजूंनी बंदिस्त केलं, पूजा केली आणि नळ बसवला.

"आता बघ हां," तात्या म्हणाला आणि त्यानं नळ सोडला.

पाण्याची धार नळातून सुटली ती समोरच्या करंजावर जाऊन आपटली. फांदीवरचा कावळा उडाला.

"बघितलंस प्रेशर? तुज्या मुंबईत हाय काय असं? पहिल्या पावसाला एवढं नव्हतं. रोज वाढतंय रे. देवीची कृपा!"

एका डोळ्यातलं औषध अजून चालू होतं, तरी मला स्वच्छ दिसलं. नळाला प्रेशर येतं ते मागे पाणी उंच उभं असतं म्हणून. मुंबईत त्यासाठी गच्चीवर टाकी असते. इथे टाकी कुठे होती? टाकी म्हणजे तो ढीग. घोड्यासारखा पऱ्या त्यांनी अर्ध्या इंचाच्या नळात बांधला होता आणि तो आत चढत चालला होता. भिंतीच्या वर, ढिगाच्या पोटाला घाम फुटावा तसे ओले डाग दिसत होते.

मी पिशव्या टाकल्या आणि बाजूच्या वाटेनं वर रस्त्यापर्यंत गेलो. ढिगाच्या माथ्यावर, रस्त्याला समांतर एक भेग गेली होती. कोयरीसारखी वाकलेली, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी. मी खाली उतरलो तो उतरलो नाही, आलोच म्हणा.

"तात्या, भिंत फोडायची. आज. आत्ता. आणि सगळी घरं खाली करून शाळेत जायचं."

तोवर पाण्याला आलेल्या बायका, दोन-चार बाप्ये जमले होते. मग तात्याची सून मंदा फिसकन हसली, आणि मग सगळेच हसले.

"अण्णा, मागं तुम्ही वाघाला डंपरात बसवून फिरवलेला, त्यातलाच ना ह्यो ढीग?"

"अगो मंदे, खरं सांगतोय."

"तुमीच बोललेलात ना, नातीच्या पोराच्या लग्नापर्यंत हालायचा नाय म्हणून? नातीचं तरी लगीन होऊ द्या."

एरवी आमच्या भागात डोंगर हलतो म्हटलं तर कुणी हसत नाही. दरडीखाली घरं गेलेली सगळ्यांनी पाहिली आहेत, ते दुःख इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण सांगणारा मी होतो. तीस वर्षं मी दर सुट्टीला येऊन या लोकांना असे डोंगर पाडून दाखवले होते, आणि दरवेळी शेवटच्या क्षणी एका हातानं थोपवूनही धरले होते.

तात्यानं मुंबईला फोन लावला. मंडळाचा अध्यक्ष बाळा, आमचाच पुतण्या. फोनच्या भोंग्यातून अख्ख्या वाडीला ऐकू गेलं, "अण्णांना सांगा, टेन्शन नको. फरशा इंपोर्टेड आहेत. तोडायचं तर जनरल बॉडी बोलवावी लागेल, गणपतीत बघू."

गणपतीला अजून सव्वा महिना होता. ढगाकडे बघितलं तर महिन्याचं काम ते दोन दिवसांत करतील असा रंग होता.

घरी आलो. बायकोनं, सुमननं, पाण्याचा तांब्या दिला आणि मी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. ती मला पस्तीस वर्षं ओळखते. माझ्या कुठल्या वाक्याला किती टक्के वजा करायचं हे तिला पाठ आहे.

"या वेळी खरं बोलताय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुम्ही स्वतः त्यात कुठेच नाही आहात." आणि मग म्हणाली, "पण माझ्या एकटीचं कळून काय होतं? तुमच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? तोंडानं सांगू नका. काहीतरी दाखवा."

दाखवा! मी पडवीत बघितलं. खुंटीला मिरचीच्या वाफ्याला पाणी घालायची हिरवी नळी वेटोळं करून टांगलेली होती. डोक्यात लख्ख उजेड पडला. खाणीत आम्ही ढिगात पाईप उतरवून आतलं पाणी किती वर चढलंय ते मोजायचो. इथे तर पाईप तयारच होता, पितळी तोटीसकट.

नळी घेऊन परत गेलो. एक टोक नळाला तारेनं आवळलं. दुसरं तात्याच्या हातात दिलं.

"तात्या, तू खोटं बोलत नाहीस. म्हणून तू धर. नळी वर वर घेऊन चल. जिथं पाणी यायचं थांबेल तिथं उभा राहा. ढिगाच्या आत पाणी तेवढंच उंच उभं हाय. पाण्याला उडी मारता येत नाय, नायतर मीच त्याला शिकवली असती."

ढिगावर पाय ठेवू दिला नाही; शेजारच्या कातळातल्या पायवाटेनं निघालो. गुडघ्याएवढं चढलो, नळीतून पाणी चालू. कंबरेएवढं, चालू. "थांबंल आता," तात्या म्हणाला. एक पुरुष उंची झाली. पाणी तात्याच्या कोपरावरून ओघळत होतं. मागून बायका येत होत्या, त्यांची कुजबुज आधी मोठी होती, मग बारीक झाली. दोन पुरुष. नळी संपत आली म्हणून सुमन धावत जाऊन शेजारच्यांची निळी नळी घेऊन आली, ती जोडली. धार बारीक झाली होती, पण थांबली नव्हती. आणखी दहा पावलं. मग नळीच्या तोंडाशी पाणी आलं आणि थरथरत तिथेच उभं राहिलं. ना पुढे ना मागे.

"तात्या, आता समोर बघ."

समोर, पऱ्याच्या पलीकडे, तात्याचं घर. आम्ही त्याच्या पत्र्याच्या आढ्याकडे खाली बघत होतो. आढ्यावर टाकलेला टायर वरून दिसत होता.

कुणी हसलं नाही. तात्या नळीच्या तोंडातल्या पाण्याकडे बघत राहिला. त्याची नातवंडं त्या वेळी त्या पत्र्याखाली अभ्यासाला बसली होती.

पण प्रश्न नुसता भीतीचा नव्हता. मंदा पुढे आली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "अण्णा, भिंत फोडलीत की पाणी वाहून जाणार. मग शिमग्यानंतर पुन्हा आम्हीच खाली उतरायचं. एक वर्ष मान मोकळी झालेली आमची. तुम्ही वाहणार काय हंडे?"

आणि तात्या हळूच म्हणाला, "नामा, मी प्रतिष्ठा केलीय तिथं. तू दगड लावलेस, मला माहीत हाय. पण पाणी तुजं हाय काय? फोडायचं कसं रे मी?"

तिथे, त्या कातळावर, नळी हातात धरून मी मेश्रामची गोष्ट सांगितली. तात्यानं ती वीसेक वेळा ऐकलेली होती. ढीग सुटला, मी ओरडलो, धावत्या मातीत उडी मारून मेश्रामला डोझरमधून ओढून काढलं, अशी. वीसेक वेळा मीच सांगितलेली.

"तात्या, मी मेश्रामला ओढून काढलं नाही. मी तिथं नव्हतो. मोठे पाहुणे यायचे होते. पायथ्याच्या भिंतीला चुना मारून त्यावर मोठ्या अक्षरात 'सुरक्षा प्रथम' लिहून घेतलं होतं मी. भोकांतून तांबडं पाणी यायचं आणि अक्षरांवर ओघळ पडायचे. मला ते घाण दिसलं. मी भोकं सिमेंटनं बुजवली. मेश्राम नको म्हणत होता, मी हसलो. म्हटलं पाहुणे गेले की उघडू. पाहुणे गेले, मी विसरलो. आठ दिवसांनी ढीग सुटला तेव्हा मी कचेरीत पंख्याखाली बसलो होतो. मेश्रामनं स्वतः उडी मारली. त्याचा पाय घोट्यात गेला तो अजून वाकत नाही. चौकशीत मी लिहून दिलं की पाऊस जास्त झाला आणि खालची काळी माती कच्ची होती. पाऊस होता, काळी मातीही होती. पण भोकं मी बुजवली होती. दवाखान्यात मला बघून तो काय म्हणाला माहीत आहे? 'भोकं उघडली का जी?' एवढंच. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मीपण नाही. आज पहिल्यांदा सांगतोय."

तात्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "हे खरं हाय." आणि नळी मंदाच्या हातात देऊन पायवाट उतरायला लागला.

खाली कोनाड्यापुढे तो हात जोडून उभा राहिला. मी त्याला एवढंच म्हटलं, "तात्या, तिला वाहायचं होतं. आपण कोंडली." आणि मंदाला म्हटलं, "हंडे वाहायची वेळ आणली तर माझ्या नावाचं कुत्रं पाळ. पाणी तुझंच राहील. फक्त त्याला पुढे होऊ दे, मग अडव."

त्यानंतरचं काम धंद्याचं, म्हणून नीट सांगतो. एवढं पाणी मागे असताना भिंत घणानं फोडायला जाल तर भिंत, घण आणि तुम्ही सगळे सावित्री नदीला भेटायला जाल. आधी अकरा घरांतली माणसं, म्हातारी, गुरं, सगळी पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवरच्या शाळेत. तासाभरात गेली. मग ज्यानं भिंत बांधली तोच गवंडी, त्याच्या कंबरेला दोर, दोराचं टोक करंजाला. समोर उभं राहायचं नाही, बाजूच्या कातळावरून पहार चालवायची. एका कडेला एक भोक. पहिलं भोक आरपार गेलं तेव्हा पाणी बंदुकीसारखं सुटलं. चिखलाचं, तांबडं. बाजूला दुसरं. मग तिसरं. मग थांबायचं. ढिगाला घाई आवडत नाही.

आणि नळी सांगत होती. मंदा वाटेवर नळी धरून उभी, पाणी उतरेल तशी ती एकेक पाऊल खाली येत होती आणि ओरडत होती, "माज्या घराच्या पत्र्याला आलं!" थोड्या वेळानं, "दाराच्या चौकटीला!" मग, "ओटीला आलं गो बाय!" शाळेच्या सोंडेवर लोक उभे होते. दर हाळीला तिकडून आरोळी उठायची. मी खाणीत पुष्कळ यंत्रं पाहिली, पण इतक्या मोठ्यानं बोलणारं एकही नव्हतं.

दिवस कलायच्या आधी मंदा नळी घेऊन आमच्याजवळ खाली येऊन पोचली होती. पाणी तिच्या गुडघ्याला. मग आम्ही उरलेली भिंत वरून खाली फोडत आणली. फरशा इंपोर्टेड असाव्यात, कारण त्या फार सुंदर आवाज करून फुटल्या. कोनाड्यातला दगड आधीच तात्यानं स्वतःच्या मांडीवर घेतला होता. पावसात भिजत तो त्या पाण्याकडे बघत होता. तांबड्याचं गेरवं झालं, गेरव्याचं चहासारखं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवळ. मी ओंजळभर घेऊन तोंडाला लावलं. माणसं शाळेत जात होती तेव्हाच वर भेगेच्या दोन्ही बाजूंना मी खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. त्यांच्यातलं अंतर पुढचे चार दिवस टेपनं मोजलं. बोटाच्या पेराएवढंही वाढलं नाही. चौथ्या दिवशी लोक घरी आले. मी माझ्या घरी जाऊन झोपलो तो सुमननं दोनदा श्वास तपासला म्हणे.

गणपतीत बाळा आला, फुटक्या फरशा बघून लाल झाला. मग मंदानं त्याला नळीची गोष्ट सांगितली, आणि मग तो पांढरा झाला. त्याच्याच मंडळानं पऱ्यात वीस पावलं खाली, मोकळ्यावर, नवी टाकी बांधली. ढिगाचं तोंड उघडं, तिथे जाळीत बांधलेले मोठे दगड. पाणी आपल्या पायानं चालत टाकीत येतं, भरलं की पुढे पऱ्यात जातं. देवीचा दगड टाकीच्या काठावर बसलाय. नळ आहे. धार करंजापर्यंत जात नाही, हंड्यापर्यंत जाते. तात्याला प्रेशरची थोडी हळहळ आहे.

तात्यानं आणखी एक केलं. देवळातल्या दिवाबत्तीला आमच्याकडे घराघराची पाळी असते. त्याच वहीत त्यानं शेजारी दुसरा रकाना आखला आहे. जुन्या नळाच्या जागी आम्ही दगडांत एक पाईप ठेवलाय. पावसाळ्यात रोज सकाळी एका घरानं तिथे नळी लावायची, पाणी किती चढतं ते बघायचं आणि वहीत लिहायचं. भाषा ज्याची त्याची. कुणी "घोटा" लिहितं, कुणी "पोटरी". एकदा मंदाच्या थोरल्यानं "मांडी" लिहिलं तेव्हा अर्धी वाडी तिथे धावली. पानं अडकली होती, काढली.

माझी पाळी आली त्या दिवशी मी "घोटा" लिहिलं. तात्यानं वही घेतली, स्वतः जाऊन नळी लावून बघितली आणि परत येऊन माझ्या शब्दापुढे बरोबरची खूण केली. बाकी कुणाच्या पुढे तो अशी खूण करत नाही. मी रागावलो नाही. वीस वर्षांच्या खोट्या गोष्टीवर एवढी तपासणी फार नाही.

अनंत चतुर्दशी झाल्यावर एका सकाळी मी मेश्रामला फोन लावला. बऱ्याच वर्षांनी. आधी ओळखेना. मग मी त्याला सगळं सांगितलं, भिंत, फरशा, नळी, मंदा. आणि मी चुन्याच्या भिंतीचंही बोललो, त्याच्या पायाचं बोललो, चौकशीत काय लिहून दिलं तेही.

"साहेब," मग तो म्हणाला, "आता पाणी येते का जी?"

"येतंय."

"गढूळ का निवळ?"

"निवळ. काचेसारखं."

"मंग झालं तर," मेश्राम म्हणाला. "चहा घ्या न जी."